पेटीवरची बंदी आणि कीबोर्डमधली सतार

कीबोर्डवर ‘सतार’ निवडून पट्टी दाबली की जी तार वाजते, ती कुणीतरी कधीतरी स्टुडिओत बसून खरोखर छेडलेली असते. छेडणाऱ्याचं नाव यंत्रावर सहसा नसतं.

दिल्ली आणि आसपास ही सतार रोज कुठे ना कुठे वाजते. माता की चौकी, जागरण, नोएडा-गाझियाबादच्या सोसायट्यांमधल्या भजनसंध्या, मराठी मंडळांचा गणेशोत्सव. मंचावर सतारिये नसतात, सारंगिये नसतात. एक कीबोर्डवाला असतो आणि शेजारी ऑक्टापॅडवाला. ही मंडळी अशा साठवलेल्या आवाजाला ‘टोन’ म्हणतात, आणि टोनचे संच पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरतात. वाद्यं बनवणाऱ्या यामाहाचं भारतातलं मुख्यालय गुरुग्रामला आहे, कॅसिओचं दिल्लीत. दोघांनीही तबला, सतार, हार्मोनियम भरलेले खास भारतासाठीचे कीबोर्ड काढले. यामाहाने तर तानपुरा-तबल्याच्या साथीची सोय देऊन तिचं नावच ‘रियाज’ ठेवलं.

आवाज आत भरायचा म्हणजे तो मोजायचा. हवेच्या दाबातला चढउतार मायक्रोफोन विजेत उतरवतो आणि यंत्र त्या विजेचं माप ठरावीक अंतराने घेत जातं. सीडीच्या दर्जाला सेकंदात ४४,१०० मापं लागतात. प्रत्येक माप १६ बिटचं, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्या तरी एका पायरीवर बसवलेलं. एवढी मापं कशाला, याचं उत्तर हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांच्या गणितात आहे: जी सर्वांत उंच कंपनसंख्या पकडायची, तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजायला हवं. माणसाच्या कानाची मजल सेकंदाला साधारण २०,००० कंपनांची. त्यापलीकडचं मोजण्याआधीच गाळून टाकतात. तसं केलं नाही तर ते खालच्या पट्टीत उतरून मूळ आवाजात नसलेले सूर ऐकवतं.

मापं कमी घेतली की काय होतं हे कॅसिओच्या १९८६ च्या एसके-१ या छोट्या कीबोर्डवर छान कळायचं. त्यात आपला आवाज भरता येई, पण ८ बिटमध्ये, सेकंदाला सुमारे ९,३८० मापांनी आणि जेमतेम दीड सेकंदाचा. म्हणजे ४,७०० कंपनांच्या वरचं सगळं गेलं. ‘स’च्या उच्चारातली बरीचशी धार त्याहून वर असते. त्यामुळे ‘सा’ म्हटलं तर ‘आ’ नीट परत यायचा आणि ‘स’ बोथट.

खरी अडचण जागेची होती. सीडीच्या दर्जाच्या एका सेकंदाला, एकाच बाजूचा आवाज धरला तरी, ८८,२०० बाइट लागतात. सिडनीत बनलेल्या १९७९ च्या फेअरलाइट या यंत्रापासून सगळ्यांची झटापट याच आकड्याशी. १९८८ चा कोर्ग एम-१ हा कीबोर्ड जगभर गाजला. त्यातल्या साऱ्या वाद्यांसाठी मिळून ४ मेगाबाइट जागा होती. त्या हिशेबाने पाऊण मिनिटसुद्धा मोठ्या मुश्किलीने भरतं. मग काटकसर आली. रोलँडने १९८७ च्या डी-५० मध्ये बऱ्याच आवाजांची फक्त सुरुवात साठवली आणि पुढचा भाग यंत्रातच घडवला. वाद्याची ओळख आपल्याला बरीचशी त्या पहिल्या क्षणात पटते, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

दुसरी काटकसर सुरांची. एकच नोंद घ्यायची आणि ती वेगाने किंवा सावकाश वाचायची. दुप्पट वेगाने वाचली की तोच सूर तार सप्तकात जातो; शेजारच्या पट्टीसाठी वेग १.०५९५ पट. पण वेगाबरोबर बाकी सगळंही पळतं. सतारीची आस निम्म्या वेळात विरते, गाणाऱ्या बाईचं पोर होतं. म्हणून चांगल्या टोनमध्ये तीन-चार पट्ट्यांगणिक वेगळी नोंद असते, आणि हलक्या व जोरदार बोटासाठी पुन्हा वेगवेगळी.

तिसरी युक्ती लूपची. लांबलेल्या सुरातला एक तुकडा निवडून, बोट उचलेपर्यंत तोच फिरवत ठेवायचा. सारंगीत गज कधी दाबला जातो, कधी सैल पडतो, सूर किंचित हलत राहतो. तुकडा फिरू लागला की तोच हेलकावा पुन्हा पुन्हा येतो आणि कान लगेच ओळखतो. पेटीचं तसं नाही. पत्तीचा सूर ठरलेला, भाता सारखा चालला तर आवाजही जवळपास एकसारखा. लूपला पेटीइतकं सोयीचं वाद्य क्वचितच दुसरं सापडेल.

ही पेटी दिल्लीने एकेकाळी हद्दपार केली होती. इथल्या ऑल इंडिया रेडिओत पाश्चात्त्य संगीत सांभाळणारे मँचेस्टरचे संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये तिच्याविरुद्ध लिहिलं, नियंत्रक लायनेल फील्डनही त्याच मताचे, आणि १ मार्च १९४० पासून पेटी रेडिओवरून गेली. आक्षेप मुख्यतः दोन होते. सप्तकाचे बारा सारखे भाग करणारी तिची लावणी आपल्या स्वरांना जुळत नाही, आणि दोन पट्ट्यांमध्ये तिला काही म्हणताच येत नाही. पुढे १९५२ ते १९६२ नभोवाणी खातं पुण्याच्या बाळकृष्ण केसकरांकडे होतं. त्यांनीही बंदी उठवली नाही. गंमत अशी की दिल्लीत दूरदर्शनच्या आरंभीच्या दिवसांत काम केलेले पु. ल. देशपांडे स्वतः पक्के पेटीवाले. बंदी सैल झाली ती १९७१ मध्ये.

फोल्ड्सनी पेटीत जे नाही म्हणून दाखवलं, नेमकं तेच यंत्रात भरणं अवघड जातं. पेटी सहज नकलली जाते ती तिच्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, नाही म्हणूनच. सतारीची मींड आणायला वादक डाव्या हाताने बेंडर, म्हणजे सूर वर-खाली सरकवणारी कळ, फिरवतो. सूर चढतो, पण सतार तशी राहत नाही. खऱ्या सतारीत तार पडद्यावर आडवी ओढली तरी भोपळा आणि तबली जागच्या जागी, त्यांचा घुमारा तोच. बेंडर मात्र नोंदच वेगाने वाचतो, त्यामुळे तारेबरोबर भोपळाही लहान होत जातो. एखाददुसऱ्या स्वरापुरतं हे खपतं. पंचमापर्यंत ओढलं की सोंग उघडं पडतं. काही टोनमध्ये खरी मींडच नोंदवून ठेवतात. ती ऐकायला उत्तम, पण दर वेळी तेवढीच आणि त्याच वेगाची.

लावणीचा आक्षेप मात्र कीबोर्डने निकालात काढला, असं माझं मत. बऱ्याच कीबोर्डांवर बारा सुरांपैकी प्रत्येक वेगळा सरकवता येतो. शुद्ध गंधार १४ सेंट, म्हणजे किंचित, उतरवायला पेटीत पत्ती घासावी लागते, इथे मेन्यूत आकडा बदलला की झालं. फक्त ती लावणी एका षड्जापुरती असते. काळी एकची लावणी करून ठेवली आणि गायिकेने ऐन वेळी काळी चार मागितली, की तोच उतरवलेला सूर आता तिच्या शुद्ध धैवताच्या जागी येतो.