पाहणे हाच ज्याचा उद्योग

सातपूर म्हटले की डोळ्यांसमोर येतात कारखान्यांच्या शेड्स, पाळीचे भोंगे आणि डबा घेऊन लगबगीने निघालेले कामगार. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि जुने गाव तिच्या कुशीत गेले. अशा ठिकाणी चित्रकाराचे काय काम, असे कोणीही विचारील. पण पश्चिमेला अंजनेरी-ब्रह्मगिरीचे डोंगर आहेत, वसाहतीजवळून वाहणारी नासर्डी आहे, पत्र्याच्या छपरांवरून घसरणारे ऊन आहे. चित्रकाराला विषय कधी कमी पडत नाही. कमी पडतो तो वेळ, आणि बहुधा पैसा!

आपल्या घरांतला अनुभव काय आहे? मुलीने इंटरमिजिएट परीक्षेत ‘ए’ श्रेणी मिळवली की पेढे वाटले जातात. तीच मुलगी “मी चित्रकार होणार” म्हणाली की घर गप्प होते. ही काळजी खोटी नाही. नुसती चित्रे विकून घर चालवणारे चित्रकार थोडे. बाकीचे शाळेत कला शिकवतात, क्लास घेतात, फोटोवरून व्यक्तिचित्रे करून देतात. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवूनही चार पैसे मिळत. फ्लेक्स आले आणि तो आधारही गेला.

उरलेल्या वेळात समोर बसून चित्र काढायचे, तर तिथे निराळीच परीक्षा असते. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. सकाळी आठला गोदाघाटावर बसलेला चित्रकार दहाला मान वर करतो, तेव्हा देवळाची सावली हललेली असते, पाण्यावरची चमक विझलेली असते. म्हणून जाणकार आधी सावल्यांचा आराखडा पक्का करतो आणि पुढे ऊन काहीही करो, त्याला चिकटून राहतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत जलरंग कुंचला फिरेपर्यंत वाळतो; श्रावणात तोच रंग वाळता वाळत नाही. पांढरा रंग तर कागदाचाच राखून ठेवावा लागतो. एकदा तो बुजला की बुजला.

याहून अवघड असते ती आपल्याच समजुतींशी झुंज. मन सांगते, दगड काळा आहे. डोळे उघडून पाहावे तर 1747 च्या नारोशंकर मंदिराचा दगड कुठे निळसर, कुठे तपकिरी, तर पाण्याजवळ हिरवट दिसतो. आपल्याला ठाऊक असलेले न काढता समोर दिसते तेच काढणे, ही साधी वाटणारी गोष्ट शिकायला अर्धे आयुष्य जाते.

सावंतवाडीत 1882 मध्ये जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी मुंबईत कलेचा वर्ग चालवून संसार केला आणि चित्रेही काढली. हातात समई घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचे त्यांचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. चेहऱ्यावर उजळलेला तो प्रकाश पाहून पुष्कळांना ते तैलचित्र वाटते, पण ते आहे जलरंगात! त्यासाठी समई घेऊन उभी राहिली होती त्यांचीच मुलगी. घरातले माणूस तासन्‌तास एका जागी उभे राहते, तेव्हा कुठे असे चित्र होते. चित्रकाराच्या खाली त्याचे नाव येते, घरच्यांचे येत नाही.

कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांना शाहू महाराजांचा आश्रय होता. रंकाळा, कोटितीर्थ हा परिसर त्यांनी वर्षानुवर्षे रंगवला. 1922 मध्ये महाराज गेले, तेव्हा दुःखाने त्यांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे सांगतात. आश्रय देणारा एकच असला की कलावंताचे आयुष्य किती नाजूक धाग्यावर लोंबकळते!

नाशिककरांना हे सारे परके नाही. शिवाजी तुपे यांच्या जलरंगांतून आपल्याला गोदाकाठचे घाट आणि देवळे भेटत आली आहेत. गोदापात्रात काँक्रीट पडले, जुनी कुंडे त्याखाली झाकली गेली. काठावरचे वाडेही एकेक करून उतरत आहेत. कॅमेऱ्याने त्यांची नोंद क्षणात होते, हे खरे. पण दोन तास एका भिंतीसमोर बसलेल्या माणसाला तिचा ओलावा, तिचा उतरता रंग, तिच्याशी टेकून बसलेली म्हातारी, हे सगळे दिसलेले असते. ती नोंद निराळी.

तेव्हा घरातल्या मुलीला काय सांगावे? पोटासाठी हाताशी एक उद्योग असू दे, हे जरूर सांगावे. पण त्यासाठी तिची रविवारची सकाळ मात्र काढून घेऊ नये. एखादा तास तिच्याशेजारी आपणही बसावे. चित्र नाही आले तरी चालेल. ज्या गावात आपण इतकी वर्षे राहिलो, ते निदान एकदा नीट पाहून होईल.