परभणी नेमकी कुठल्या प्रांतातली?

मंडळी, आजचा विषय मराठवाडा. पण मी त्याच्याकडे परभणीतून बघणार आहे, आणि प्रश्न असा विचारणार आहे की परभणी मराठवाड्यात आहे, ती केव्हापासून? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला, कायमचीच आहे. तर तसं नाही.

आधी थोडं बाहेरचं. स्वीडनमध्ये 25 जुने प्रांत आहेत. 1634 पासून तिथला कारभार वेगळ्याच जिल्ह्यांवर चालतो, जुन्या प्रांतांना कारभारात काही स्थान नाही. तरी माणूस स्वतःला त्या प्रांताचा म्हणवतो, प्रांताचं चिन्ह आहे, फूलसुद्धा ठरलेलं आहे. त्यातला स्कोने हा प्रांत तर 1658 पर्यंत डेन्मार्कचा होता. एका तहात स्वीडनकडे गेला. म्हणजे जमीन तिथंच, राज्य बदललं. हे डोक्यात ठेवा, कारण आपलंही असंच झालंय.

नकाशा बघा. उत्तरेला जिंतूरचे डोंगर, अजिंठ्याच्या रांगेचे फाटे. दक्षिणेला गंगाखेडच्या पलीकडे बालाघाट. मधे गोदावरीचं खोरं आणि काळी जमीन. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला. आपल्याकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गंगाखेड हे नाव त्यातूनच. जनाबाई त्या गावच्या. आता गंमत अशी की पूर्णा नावाची दुसरी नदी वऱ्हाडातही आहे, ती अकोल्याकडून जाऊन तापीला मिळते. एक पूर्णा पूर्वेकडच्या समुद्राची, एक पश्चिमेकडच्या. कुणाला वाटेल, झालं, प्रांताची सीमा निसर्गानंच आखून दिली. इतिहास मात्र तसं सांगत नाही.

पाथरी घ्या. आज तालुक्याचं गाव, पण मध्ययुगात या भागाचं मोठं ठाणं. गोदाकाठचं जुनं पार्थपूर ते हेच, असं अभ्यासक मानतात. तिथं ज्ञानराज नावाचा ज्योतिषी होता. त्यानं 1503 च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा खगोलशास्त्राचा ग्रंथ लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास. त्यानं भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर टीका लिहिली, शिवाय एक अफलातून काव्य रचलं. सरळ वाचलं की रामाची कथा, उलटं वाचलं की कृष्णाची! आपल्या पोरांना हे नाव माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. असो.

तर ही पाथरी तेव्हा कुणाकडं होती? वऱ्हाडच्या इमादशाहीकडं. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज मूळचे पाथरीचे ब्राह्मण. फरिश्ता हा इतिहासकार लिहितो की बुऱ्हाण निजामशाहाला आपल्या पूर्वजांचं हे गाव हवं होतं. बदल्यात दुसरा मुलूख द्यायची त्याची तयारी होती. वऱ्हाडवाले नाही म्हणाले. मग 1518 मध्ये त्यानं चढाई करून पाथरी घेतली. पुढं 1574 मध्ये निजामशाहीनं सगळं वऱ्हाडच गिळलं आणि 1596 मध्ये ते मोगलांना द्यावं लागलं. अकबराच्या ‘ऐन-ए-अकबरी’त पाथरी हे सरकार, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग, नोंदलंय ते वऱ्हाड सुभ्यात. म्हणजे त्या हिशोबानं आपण वऱ्हाडी.

मग वेगळे कधी झालो? 1724 मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजाम दख्खनचा धनी झाला. तेव्हाही वऱ्हाड आणि आपण एकाच सत्तेखाली. खरी रेघ पडली 1853 ला, आणि ती पडली कर्जापायी. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक फौज निजामाच्या खर्चानं ठेवलेली होती. तिचा पगार थकला. त्या देण्यापोटी इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड लावून घेतलं. आपल्याकडं सावकार जमीन लावून घेतो, अगदी तसंच. त्याच तहात धाराशिवचा मुलूखही गेला होता. तो 1860 मध्ये परत मिळाला, वऱ्हाड मिळालं नाही. 1902 मध्ये तर वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं गेलं. नाव मात्र निजामानं सोडलं नाही. पुढं त्याच्या युवराजाचा किताबच ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा होता.

आता विचार करा. धाराशिव परत आलं नसतं, तर आज आपण त्याला मराठवाडा म्हटलं असतं का? मला वाटतं, नाही. मराठवाडा म्हणजे त्या वाटणीनंतर हैदराबादकडं राहिलेला मराठी मुलूख.

ही रेघ कागदावर राहिली नाही, ती हाडात उतरली. अकोल्याकडं मुंबई–नागपूर रेल्वे 1867 मध्ये धावायला लागली. परभणीला गाडी आली ती 1900 च्या सुमारास, मनमाडहून हैदराबादला जाणारी, आणि तीही अरुंद मीटरगेज. कारभाराची भाषा इकडं उर्दू. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठही 1918 पासून उर्दू माध्यमाचं. म्हणून आपल्या आजोबांच्या तोंडी पेशकार आणि गिरदावर, आणि वऱ्हाडात ते शब्द नाहीत. बोलीतही बघा. आपण विचारतो, “काय करायलास?” वऱ्हाडी माणूस विचारतो, “काय करून राहिला?”

आता ‘मराठवाडा’ या नावाचं. निजामाच्या कारभारात हा औरंगाबाद सुभा होता, पण इथल्या माणसानं काय मागितलं? 1937 मध्ये परतूरला पहिलं अधिवेशन भरलं, ते ‘महाराष्ट्र परिषदे’चं. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. परिषदेच्या नावात महाराष्ट्र आहे, हे मला फार बोलकं वाटतं. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली. 1956 च्या नोव्हेंबरात पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबईत आले, 1960 ला महाराष्ट्रात. पाचांचे आज आठ झालेत. परभणीनं त्यात दोनदा दिलं: 1981 मध्ये परतूर जालन्याला, 1999 मध्ये हिंगोली वेगळीच.

पण प्रांत म्हणून मराठवाड्याला कायद्यात जागा होती का? होती. राज्यघटनेच्या 371 (2) कलमाखाली 1994 मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळं आली. निधी, अनुशेष, नोकऱ्या यांचा हिशोब प्रदेशानुसार मागता यायचा. 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली. मंडळानं फार दिवे लावले असं मी म्हणणार नाही, पण मागायला एक दार होतं. दरवर्षी 17 सप्टेंबरला झेंडावंदन होतं, भाषणं होतात. त्या भाषणांत हे दार विचारायला पाहिजे.

आणि जुना प्रांत मेलेला नाही याचा पुरावा हवा असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जा. कुणबी नोंदी शोधायला 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, ती निजामकाळातले कागद धुंडाळायला. 2 सप्टेंबर 2025 ला सरकारनं हैदराबाद गॅझेटियरवर आधारलेला निर्णय काढला. त्याच्या बाजूनं आणि विरोधात बरंच बोललं गेलंय, तो वाद आज इथं नको. मला फक्त एवढं दाखवायचंय की संपलेल्या राज्याच्या दप्तरावर आज पोराचा दाखला आणि कॉलेजचा प्रवेश अडतोय. जमिनीचंही तेच. वाटणीचा दावा लागला की खासरा पत्रक काढा, इनामाची जमीन असली की मुंतखब काढा. आणि त्याच्या मागचे कागद मोडीत आणि उर्दूत. घरात पेटीच्या तळाशी असा एखादा कागद असेल, वाचता येत नाही म्हणून तो रद्दीत घालू नका. आधी फोटो काढून ठेवा, आणि उर्दू वाचणारं कुणी म्हातारं माणूस गल्लीत असेल तर या आठवड्यातच त्याच्याकडं जा.

बरं, आता प्रश्न असतील तर विचारा. आणि ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ कुठून आलं, हे मला विचारू नका. त्यावर दुसरं व्याख्यान लागेल.