दोन नद्यांमधलं ट्यूक्सबरी

इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमपासून जवळच ट्यूक्सबरी नावाचं छोटं गाव आहे. वेल्सच्या डोंगरातून येणारी सेव्हर्न (ब्रिटनमधली सर्वांत लांब नदी, ३५४ किमी) आणि शेक्सपिअरच्या गावावरून येणारी एव्हन, या दोघींचा इथे संगम होतो. मी मूळचा सांगलीचा, त्यामुळे संगम म्हटलं की नरसोबाची वाडी आठवतेच!

गावात शिरताच दिसतं ते ११२१ मध्ये पवित्र केलेलं दगडी ॲबी चर्च. ४ मे १४७१ रोजी इथल्या कुरणात यॉर्क आणि लँकेस्टर या घराण्यांची लढाई झाली. त्यात मारला गेलेला लँकेस्टरचा तरुण राजपुत्र एडवर्ड याच चर्चमध्ये विसावला आहे. पुढे आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले, तेव्हा गावकऱ्यांनी ४५३ पौंड मोजून हे चर्च वाचवलं.

मला मात्र जास्त आवडली ती गावाची रचना. तीन मुख्य रस्ते आणि आजूबाजूला पुराची सखल जमीन. पसरायला जागाच नाही, म्हणून लोकांनी घरांच्या मागे घरं बांधली. त्यांच्यामधले अरुंद बोळ आजही आहेत. नदीकाठचं 'सेव्हर्न हॅम' हे मोठं कुरण मात्र मोकळंच ठेवलं. उन्हाळ्यात तिथलं गवत कापतात, हिवाळ्यात तिथे पुराचं पाणी पसरतं.

तरी जुलै २००७ मध्ये पूर आलाच. चहूबाजूंना पाणी आणि मधोमध बेटासारखं उभं चर्च, हा फोटो तेव्हा जगभर गेला. जलशुद्धीकरण केंद्रच बुडाल्यामुळे परिसरातल्या सुमारे साडेतीन लाख लोकांचे नळ कोरडे पडले. दारात पाणी आणि प्यायला थेंब नाही! २०१९ चा महापूर अनुभवलेल्या सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. तेव्हा आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती.

पूर इथेही येतो, तिथेही येतो. पण हॅमवर कोणी प्लॉट पाडले नाहीत. आपल्याकडे पूररेषेच्या आत घरं उभी राहिली आणि आता दर पावसाळ्यात घरी फोन केला की पहिला प्रश्न एकच असतो, "आयर्विनला पाणी किती फूट?" नदीची जागा नदीला ठेवली असती, तर त्या प्रश्नामागची धास्ती तरी थोडी कमी झाली असती.