अंधाऱ्या समुद्रातला दिव्यांचा दोर

भर समुद्रात, जिथे तळ शेकडो मीटर खाली असतो, तिथे रात्री बुडी मारण्याला ‘ब्लॅकवॉटर डायव्हिंग’ म्हणतात. पाणबुड्या मात्र साधारण १५ ते २० मीटरच्या आतच राहतो. दिवसा खोल काळोखात दडलेले प्लवक, म्हाकुळे आणि माशांची पिल्ले रात्री खाद्यासाठी वर येतात. त्यांच्या वाटेवर थांबून त्यांना पाहायचे, एवढाच बेत असतो. हवाईतील कोना आणि फिलिपाइन्समधील अनिलाओ ही यासाठी नावाजलेली ठिकाणे.

रत्नागिरीला किनाऱ्यालगत असे पाणी मिळत नाही. खाड्यांच्या तोंडाशी समुद्र उथळ आणि गाळाने गढूळ. खोल पाण्यासाठी विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर असलेल्या ‘आंग्रिया बँक’ या पाण्याखालच्या पठाराच्याही पलीकडे जावे लागते. म्हणून मुक्कामाच्या तयारीची नौका हवी आणि पावसाळा सरलेला हवा.

तिथे नांगर टाकून उपयोग नसतो. उजेड असतानाच बोया सोडतात. त्याला वजन बांधलेला दोर आणि दोरावर थोड्या थोड्या अंतराने दिवे. प्रवाहाबरोबर बोया वाहतो, पाणबुडे वाहतात आणि भोवतीचे जीवही वाहतात. सगळेच एका वेगाने सरकत असल्याने पाण्याखाली दोर जागीच उभा वाटतो. वर-खाली कळण्याची मुख्य खूण तोच. तांडेल बोयाचा दिवा नजरेआड होऊ देत नाही. प्रत्येकाजवळ दोन टॉर्च, टाकीवर खुणेचा दिवा आणि खोली दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर असतो.

उजेडाभोवती जे जमते ते विलक्षण. शेवंडीचे पिल्लू पारदर्शक पानासारखे चपटे, काडीसारख्या पायांचे असते. लेप्याच्या पिल्लाचे डोळे अजून दोन्ही बाजूंना असतात. पुढे एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला जातो.

दिव्याकडे मासळी येते हे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील मच्छीमारांना सांगायला नको. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. त्यामुळे रात्री दिवे लावून तरंगणाऱ्या नौकेने मत्स्यव्यवसाय विभागाला आणि तटरक्षक दलाला आधी कळवणे शहाणपणाचे.

बुडीचे प्रशिक्षण तारकर्लीत मिळते. दिवसाच्या पाण्यात तळाचा आधार न घेता एका खोलीवर स्थिर राहणे ज्याला जमत नाही, त्याने रात्री या दोराजवळ उतरू नये.