कागद आणि कीटकांचे बालपण

वर्गात आपण फुलपाखराचे जीवनचक्र फळ्यावर गोल काढून शिकवतो: अंडे, अळी, कोश, फुलपाखरू. त्या बाणांमध्ये एक प्रश्न मात्र हरवतो. अळी बऱ्याच वेळा कात टाकते. मग कातीतून दरवेळी अळीच बाहेर येते आणि शेवटच्या वेळी कोश, असे का?

कीटकाचे कवच शरीराबरोबर वाढत नाही. मोठे व्हायचे तर जुने टाकून नवे घालावे लागते. त्याचा हुकूम एक्डायसोन हे संप्रेरक देते. मेंदूकडून संदेश आला की छातीतली ग्रंथी ते रक्तात सोडते. पण नव्या कवचातून कोण बाहेर पडणार, हे दुसऱ्याच संप्रेरकावर अवलंबून असते. मेंदूमागच्या दोन चिमुकल्या ग्रंथी हे बाल्यसंप्रेरक बनवतात. ते रक्तात असताना कात टाकली, तर बालपण चालू राहते. शेवटच्या अवस्थेत ते नाहीसे होते आणि मगच कीटक प्रौढ होऊ शकतो. १९३० च्या दशकात विगल्सवर्थ यांनी ऱ्होडनियस नावाच्या रक्तपिपासू ढेकणाच्या अगदी लहान पिल्लाचे डोके काढले आणि ते प्रौढ होऊ घातलेल्या ढेकणाला जोडले. एवढ्याशा पिल्लात प्रौढाची लक्षणे उमटली!

याच्या नेमके उलट १९६४ च्या सुमारास घडले, तेही कोणी न ठरवता. कारेल स्लामा प्रागहून हार्वर्ड विद्यापीठात कॅरोल विल्यम्स यांच्याकडे आले, ते पायऱ्होकोरिस हे तांबडे ढेकूण घेऊन. हा कीटक पाच बाल्यावस्थांनंतर प्रौढ होतो. हार्वर्डमध्ये मात्र पाचवीनंतर सहावी बाल्यावस्था येई, कधी सातवीही, आणि पिल्ले प्रौढ न होताच मरत. बाल्यसंप्रेरक कुठून तरी मिळत होते, हे उघड होते. दोघांनी प्राग आणि हार्वर्ड येथील संगोपनातला एकेक फरक तपासला. दोष निघाला भांड्यात घातलेल्या टिपकागदाचा! मग वर्तमानपत्रे तपासली. न्यूयॉर्क टाइम्सच्या कागदाने पिल्ले अडकत, लंडनच्या टाइम्सवर ती सुखाने प्रौढ होत. अमेरिकन कागदाच्या लगद्यात बाल्सम फर हे झाड असे, आणि बाल्यसंप्रेरकाचे काम करणारे द्रव्य त्या झाडातले होते. १९६६ मध्ये बॉवर्स आणि सहकाऱ्यांनी ते वेगळे केले. त्याला जुव्हाबायोन म्हणतात.

ही गोष्ट 'योगायोगाने लागलेला शोध' म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. पिल्ले मरणे हा योगायोग. कागदापर्यंत पोचणे ही चिकाटी.

आपल्याकडे कपाशीवर, भेंडीवर दिसणारे तांबडे ढेकूण याच कुळातले. सक्सेना आणि विल्यम्स यांनी १९६६ मध्येच दाखवले, की कागदातले द्रव्य त्यांनाही प्रौढ होऊ देत नाही. इतर बहुतेक कीटकांवर मात्र त्याचा परिणाम होत नाही. सरसकट सगळे कीटक मारणाऱ्या विषांच्या तुलनेत ही निवडकता मोलाची वाटली.

अडचण वेळेची आहे. बालपण लांबले तर पाने खाणारी अळी आणखी काही दिवस खातच राहणार! म्हणून बाल्यसंप्रेरकाची नक्कल करणारे मेथोप्रीन डासांसाठी अधिक सोयीचे ठरले. डासाची पाण्यातली अळी आपल्याला त्रास देत नाही. चावते ती प्रौढ मादी, आणि मेथोप्रीन मिसळलेल्या पाण्यातून ती सहसा बाहेरच येत नाही.