एक पट्टी की पट्ट्यांची रांग?

बिलोली, सगरोळी, देगलूरकडची पोरं टेस्टिंगच्या नोकरीसाठी हैदराबादला किंवा पुण्याला निघाली की मुलाखतीच्या तयारीसाठी मला फोन करतात. ककंबर हे टेस्ट लिहायचं साधन येतं का, असं विचारलं की बहुतेक जण आत्मविश्वासाने सांगतात, "येतं दादा. स्टेपखाली टेबल दिलं की जेवढ्या ओळी, तेवढ्या वेळा टेस्ट चालते." हे साफ चूक आहे. क्लासच्या नोट्समध्ये, व्हिडिओंमध्ये, मुलाखतीच्या तयार उत्तरांत तेच छापलेलं असल्यामुळे ते खरं वाटू लागलंय. ते मान्य करून टेस्ट लिहिल्या, तर हिशोबातली चूक हिरव्या खुणेखाली झाकली जाते. माझा राग त्याचा आहे.

टेबलं दोन जातींची असतात आणि दोन्ही उभ्या रेघांनीच आखलेली दिसतात. घोळ तिथेच होतो. त्यांतला फरक मोंढ्यात गेलेल्या माणसाला चटकन कळावा. एका शेतकऱ्याने एकाच दिवशी तीन माल आणले तर आडतीवर त्याची पट्टी एकच होते. तिच्यात तीन ओळी असतात आणि खाली एकूण रक्कम एक. स्टेपला दिलेलं डेटा टेबल म्हणजे ही पट्टी. मराठीतच लिहून पाहा. ककंबरच्या गर्किन भाषेत मराठी शब्द अधिकृतपणे आहेत, फाइलच्या पहिल्या ओळीत भाषा मराठी असल्याचं नोंदवलं की झालं:

परिदृश्य: तीन मालांची एक पट्टी
दिलेल्या प्रमाणे शेतकऱ्याने मोंढ्यात हा माल आणला:
| माल | क्विंटल | दर |
| सोयाबीन | १० | ४५०० |
| तूर | ४ | ७५०० |
| मूग | २ | ७००० |
जेव्हा पट्टी तयार होते
मग एकूण रक्कम ८९००० दिसते

दर मी सोयीसाठी धरलेत. हे परिदृश्य एकदाच चालतं. अख्खं टेबल पहिल्या स्टेपच्या फंक्शनला एकच पॅरामीटर म्हणून मिळतं. जावात त्या पॅरामीटरची जागाही ठरलेली आहे, सगळ्यात शेवटी. टेबलाचं काय करायचं, ओळीओळीने फिरायचं की सगळ्याची एक यादी बनवायची, हे तुमचा कोड ठरवतो.

आता दुसरी जात. याच तीन ओळी 'परिदृश्य रूपरेखा' लिहून 'उदाहरण' या शब्दाखाली ठेवा. मग परिदृश्य तीनदा चालेल आणि दर वेळी नवी कोरी पट्टी निघेल, एकाच मालाची. प्रत्येक ओळीला तिची स्वतःची रक्कम दिली तर तिन्ही टेस्ट पास होतील, पण ८९००० हा आकडा कुठेच तपासला जाणार नाही. दुसरा माल टाकला की पहिल्याची रक्कम पुसली जाते, अशी चूक सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ती या टेस्टना कधीच सापडणार नाही. इथे शेतकऱ्याचे पैसे बुडू शकतात, म्हणून मी हे एवढं ताणून सांगतोय.

उलट चूकही तितकीच होते. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते. २०२४ च्या हंगामात, नोव्हेंबरमध्ये केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. १२ टक्क्यांचा नियम तपासायचा तर ११.९, १२ आणि १२.१ हे तिन्ही आकडे स्वतंत्रपणे चालायला हवेत, कारण ती तीन वेगळ्या शेतकऱ्यांची रांग आहे. इथे 'उदाहरण'च योग्य. हेच आकडे डेटा टेबलात घालून स्टेपमध्ये लूप फिरवला, तर पहिली ओळ नापास होताच स्टेप थांबते. उरलेल्या दोघांचं काय झालं ते अहवालात येत नाही.

दोन्ही जाती एकत्र येत नाहीत, हाही गैरसमजच. रूपरेखेतल्या डेटा टेबलाच्या चौकटीत बदलत्या मूल्याची खूण ठेवता येते. उदाहरणाची प्रत्येक ओळ ती भरते.

"टेबल हे ककंबरचं नवं डोकं," असंही ऐकतो. तेही खरं नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांचं फिट हे साधन २००२ चं. त्यात ग्राहकाने भरलेल्या तक्त्यांवरूनच टेस्ट चालत. डॅन नॉर्थ यांचा बीडीडीची, म्हणजे वर्तनावर आधारित विकासाची, ओळख करून देणारा लेख २००६ चा, आणि ककंबर आलं २००८ मध्ये.

पहिली ओळ आपोआप शीर्षक होते का? पायथॉनमधल्या बिहेव्ह या साधनात होते. जावातल्या ककंबरमध्ये मात्र तुम्ही टेबल कसं मागता त्यावर ते ठरतं. याद्यांची यादी मागितली तर 'माल, क्विंटल, दर' ही ओळही मालासारखीच हाती येते.

चौकटीत उभी रेघ लिहिता येत नाही म्हणतात. तिच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या, येते.

शेवटचा गैरसमज मराठीत टेस्ट लिहिणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे: टेबलातला आकडा हा आकडाच असतो. नसतो. चौकटीतली प्रत्येक गोष्ट मुळात मजकूर असते. तिची संख्या करायचं काम तुमच्या कोडचं किंवा तुम्ही मागितलेल्या प्रकाराचं. देवनागरी '१०' पायथॉनच्या पूर्णांक फंक्शनला दिला तर सरळ दहा मिळतात. जावास्क्रिप्टच्या संख्या फंक्शनला तो आकडा वाटतच नाही. डॉट नेटची गंमत निराळी. तिथे अंक ओळखणारा पॅटर्न '१०' ला अंक म्हणून स्वीकारतो, पण पुढे पूर्णांकात बदलताना तोच '१०' नाकारला जातो. त्यामुळे वर दिलेली पट्टी जावास्क्रिप्टमध्ये किंवा डॉट नेटमध्ये जशीच्या तशी चालवायची असेल, तर आधी देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलणारं छोटं फंक्शन लिहा आणि मगच रकमेची बेरीज करा.