रेणूच्या प्रतिमेचा पृष्ठभाग : चमक, पारदर्शकता आणि अध्यापन

रसायनशास्त्र व जीवशास्त्राच्या पुस्तकांत प्रथिनांची रंगीत, चकाकणारी चित्रे असतात. ती पाहून रेणू खरोखरच घोटीव काचेसारखा असतो, अशी समजूत विद्यार्थ्यांच्या मनात सहज रुजते. संगणकावर अशी चित्रे आता महाविद्यालयातही तयार करता येतात. म्हणून चित्रातील पृष्ठभागाचे गुणधर्म कोण ठरवतो आणि कशासाठी, हे अध्यापकांनी समजून घेणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात मायोग्लोबिन या प्रथिनाच्या आधारे हा विषय मांडला आहे.

पृष्ठभाग म्हणजे काय?

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. मायोग्लोबिनचा रेणू लांबीला जेमतेम ४.५ नॅनोमीटर भरतो. त्यामुळे एका रेणूच्या बाबतीत ‘चकाकी’ या शब्दाला अर्थच उरत नाही. मायोग्लोबिनचे द्रावण लालसर दिसते, कारण त्यातील हीम हा घटक प्रकाश शोषतो. चित्रातील रंग मात्र नेमून दिलेला असतो. पृष्ठभागही गणिताने काढलेला असतो. १९७१ मध्ये ली आणि रिचर्ड्स यांनी पाण्याच्या रेणूएवढा, म्हणजे सुमारे १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा गोळा अणूंवरून फिरवण्याची कल्पना मांडली. अशा गोळ्याला जिथवर पोचता येते, त्यावरून रेणूची बाह्य सीमा ठरते.

‘मटेरियल’ची घटकद्रव्ये

या सीमेवर प्रकाश कसा पडलेला दाखवायचा, हे ‘मटेरियल’ ठरवते. त्यामागील प्रकाशनाचे सूत्र बुई तुओंग फोंग यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या प्रारूपाशी जवळचे आहे. इलिनॉय विद्यापीठात क्लाउस शुल्टेन यांच्या गटाने विकसित केलेल्या ‘व्हीएमडी’ या प्रणालीत त्यासाठी सरकपट्ट्या आहेत. ही प्रणाली शैक्षणिक कामासाठी नोंदणी करून विनामूल्य मिळते. ‘ॲम्बियंट’ वाढवल्यास सावलीतील भागही उजळतो. फार वाढवल्यास खोलगटपणा नाहीसा होऊन चित्र सपाट दिसते. ‘डिफ्यूज’ म्हणजे खडूच्या पृष्ठभागासारखा सर्व दिशांना विखुरलेला प्रकाश. उंचसखलपणा त्यानेच कळतो. ‘स्पेक्युलर’ने झळाळीचा ठिपका किती तीव्र हे ठरते, तर ‘शायनिनेस’ वाढवल्यास तो ठिपका लहान व रेखीव होतो. ‘ओपॅसिटी’ १ असता पृष्ठभाग अपारदर्शक असतो, ०.३ च्या आसपास आणल्यास आतील भाग दिसू लागतो.

मायोग्लोबिनचे उदाहरण

जॉन केंड्रू यांनी स्पर्म व्हेलच्या मायोग्लोबिनची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली आणि १९६२ चे नोबेल पारितोषिक त्यांना माक्स पेरुट्झ यांच्यासह मिळाले. १५३ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात हीमचा बहुतेक भाग पोटात दडलेला असून एक कडाच बाहेर डोकावते.

प्रोटीन डेटा बँकेतील ‘१एमबीएन’ ही नोंद उघडून प्रथिनासाठी ‘सर्फ’ आणि हीमसाठी काड्यांची मांडणी निवडावी. ‘ग्राफिक्स’मधील ‘मटेरियल्स’ खिडकीत ‘क्रिएट न्यू’ने स्वतंत्र मटेरियल करावे व ते फक्त प्रथिनाला लावावे. मूळचे ‘ओपेक’ बदलल्यास ते वापरणारी प्रत्येक मांडणी बदलते. नव्या मटेरियलची ‘ओपॅसिटी’ ०.३ ठेवावी आणि ‘स्पेक्युलर’ कमी करावे, म्हणजे झळाळीचे ठिपके हीमवरून नजर हटवणार नाहीत. अंतिम चित्रासाठी ‘रेंडर’मधील ‘टॅकियॉन’ निवडल्यास सावल्या व पारदर्शकता अधिक नीट येतात.

आता दोन चित्रे शेजारी ठेवावीत. अपारदर्शक चित्रात रेणू बंद मुठीसारखा दिसतो. पारदर्शक चित्रात हीम दिसते, पण ऑक्सिजनने आत शिरावे अशी उघडी वाट कोठेच आढळत नाही. मग ऑक्सिजन पोचतो कसा? प्रथिन सतत हालत असते आणि त्या हालचालीत क्षणभर वाट उघडते. स्थिर चित्रातील टणक, चकचकीत कवच ही गोष्ट झाकून टाकते. हा प्रश्न वर्गात निर्माण होणे, हेच या चित्राचे खरे फलित होय.

परिभाषेची अडचण

वर्गात वेगवेगळ्या माध्यमांतून आलेले विद्यार्थी असतात. मराठीत ‘अणू’ म्हणजे ॲटम व ‘रेणू’ म्हणजे मॉलिक्यूल. हिंदी पुस्तकांत ‘अणु’ हाच मॉलिक्यूल असून ॲटमला ‘परमाणु’ म्हणतात. उर्दूत मॉलिक्यूलला ‘सालमा’ असा शब्द आहे. इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्याने ‘अणू’ ऐकून भलताच अर्थ घेतला, तर दोष त्याचा नव्हे. पारदर्शक, अर्धपारदर्शक, अपारदर्शक या मराठी शब्दांना उर्दूत शफ्फाफ, नीम-शफ्फाफ, गैर-शफ्फाफ असे सरळ प्रतिशब्द आहेत. हे तक्ते फळ्यावर आधी लिहिल्यास पुढील चर्चा सोपी होते.

थोडक्यात, मटेरियल ही सजावट नसून एक विधान आहे : काय दाखवायचे व काय मागे ठेवायचे, याचा तो निर्णय असतो. म्हणून प्रत्येक चित्राखाली कोणता पृष्ठभाग काढला, रंग कशासाठी नेमले आणि पारदर्शकता किती ठेवली, हे विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे. असे लिहिणारा विद्यार्थी चित्राला रेणू समजण्याची चूक सहसा करणार नाही.